गोरा बेदाणा

मशीन चाललं तर जुबेर नदाफला मिरजेत राहायला मिळणार होतं. भागीदारी, नाव, मान हे सगळं मगदूम साहेब बोलायचे आणि जुबेर मान हलवायचा, पण त्याचा खरा लाभ एवढाच होता. लॉकडाऊनमध्ये तो पुण्याहून घरी आला तेव्हा त्याची मुलगी रांगत होती. तेव्हापासून पुण्याच्या नोकरीचं काम घरून आणि मगदूम साहेबांच्या वर्कशॉपातलं काम उरल्या वेळात. आता ती "अब्बा, लॅपटॉप बंद" म्हणायला शिकली होती. बायको तबस्सुम मिरजेच्याच शाळेत शिक्षिका. आणि पुण्याच्या कंपनीनं कळवलं होतं, महिनाअखेरीला येऊन खुर्चीत बसा, नाहीतर खुर्ची दुसऱ्याला देतो.

मगदूम साहेबांचा लाभ जास्त जाडजूड होता. कुपवाड एमआयडीसीतल्या त्यांच्या वर्कशॉपात आजवर बेदाणा चाळायच्या जाळ्या आणि देठ काढायची यंत्रं व्हायची. आता रंग बघून बेदाण्याला नंबर देणारं मशीन करायचं आणि ते तासगावात कोरे आप्पांच्या शेडमध्ये बसवायचं. कोरे आप्पांनी एखादी वस्तू घेतली की बाकीचे व्यापारी 'कशी आहे' असं विचारत नाहीत, 'कुठं मिळते' असं विचारतात. म्हणून साहेबांनी जुबेरला शब्द दिला होता, आप्पांनी मशीन घेतलं की तू नोकर नाहीस, भागीदार.

माझा लाभ काही नव्हता. मी तिथली हिशेबनीस, शैलजा उपाध्ये. ज्याला कुठूनच काही मिळायचं नसतं त्याला सगळ्यांचे चेहरे नीट दिसतात.

तर पहिला ट्रे कॅमेऱ्याखाली गेला, पडद्यावर चित्र आलं आणि साहेब टाळी वाजवून म्हणाले, "वा! सोन्यासारखा दिसतोय की!"

"तेच तर," जुबेर म्हणाला. "आता ट्रेमध्ये बघा."

ट्रेमधला बेदाणा मुद्दाम आणलेला वाईट होता. काळपट, तपकिरी, वाळताना ढग आल्यावर होतो तसला. पडद्यावर तोच मधासारखा चमकत होता. खाली मशीननं निकाल दिला होता, एक नंबर.

"लाइटचा प्रॉब्लेम," साहेब म्हणाले.

पुढचा आठवडा लाइटचा प्रॉब्लेम होता. ट्यूब बदलल्या. पेटी आतून पांढरी रंगवली, ती वाळेपर्यंत साहेबांना वाटलं काळी बरी, म्हणून काळी रंगवली. जुबेर मात्र लॅपटॉपला चिकटून एकेक गोष्ट बंद करत होता. कॅमेरा आपणहून उजेड ठरवतो, ते बंद. आपणहून पांढरा रंग ठरवतो, तेही बंद. सगळं बंद झालं तरी बेदाणा गोराच.

"अरे, मग बंद करायचं राहिलंय काय?" मी विचारलं.

"जे दिसत नाही ते," तो म्हणाला.

कॅमेरा साहेबांनी स्वतः पसंत केला होता. कारखान्यात वापरतात तसला साधा कॅमेरा जुबेरनं सुचवला होता. साहेबांनी दुकानात दोन्ही लावून बघितले आणि व्हिडिओ कॉलसाठी असतो तो घेतला. का? तर त्यात चित्र छान दिसत होतं. मुलगी बघायला जावं आणि फोटोवरूनच होकार द्यावा, तसं झालं होतं.

जुबेरनं कॅमेऱ्याच्या कंपनीला मेल केली. उत्तर आलं, कॅमेरा काढून पुन्हा जोडा. त्यानं कळवलं, जोडला, आता पुढं? उत्तर आलं, आपल्या समस्येचं निराकरण झाल्याबद्दल आनंद वाटतो, आम्हाला पाच तारे द्या. त्यानं तिसरी मेल केली, तुमच्या कॅमेऱ्यात रंग बदलणारं काहीतरी आहे, ते आमच्या प्रोग्रॅममधून बंद कसं करायचं? यावर उत्तर आलं की ही माहिती कंपनीची खासगी आहे.

"खासगी!" जुबेर टेबलावर हात आपटून म्हणाला. "कॅमेरा आमचा, बेदाणा आमचा आणि रंग ह्यांचा खासगी!"

उलगडा झाला तो माझ्या तोंडामुळं. मी चहा द्यायला गेले आणि काचेवर काही चिकटलंय का बघायला कॅमेऱ्यासमोर वाकले. पडद्यावर एक गोरीपान बाई माझ्याकडं बघत होती. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेलेली, गालावरचा वांग गेलेला.

"अगं बाई," मी म्हणाले. "मला बघायला आले होते तेव्हा आईनं दोनदा पावडर लावून बसवलं होतं. तेव्हासुद्धा मी एवढी गोरी नव्हते."

जुबेर हसला नाही. त्यानं ट्रे ओढून माझ्या गालाशेजारी धरला. दोघंही पडद्यावर सारखेच उजळ.

"ताई," तो हळूच म्हणाला, "हा बेदाण्याला चेहरा समजतोय. तपकिरी दिसलं की त्वचा समजून गोरं करतोय."

मगदूम साहेब आतून ओरडले, "काय झालं?"

"काही नाही साहेब," मी म्हणाले. "कॅमेऱ्याला सून गोरी पाहिजे."

मग जुबेरनं मला समजावलं. मला समजलं ते असं. कॅमेरा आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम असतो. तो बँकेच्या खिडकीतल्या कारकुनासारखा. उजेड, रंग, फोकस असल्या नेहमीच्या मागण्या सगळ्या बँकांत सारख्या, त्या कुणीही केल्या तरी तो पुऱ्या करतो. पण प्रत्येक कंपनी कॅमेऱ्यात आपले म्हणून काही चोरकप्पे ठेवते. तिथं पोचायलाही हाच कारकून वाट देतो, नाही म्हणत नाही. फक्त त्याला त्या कंपनीचा भलामोठा ओळखक्रमांक सांगावा लागतो आणि कितवा कप्पा ते सांगावं लागतं. ओळखक्रमांक विचारला तर कॅमेरा स्वतःच देतो. कप्पे किती हेही सांगतो, कशात किती मावतं तेही सांगतो. कशात काय आहे, ते मात्र नाही.

"म्हणजे चाव्यांचा जुडगा आहे, कुलपंही आहेत," मी म्हणाले.

"आणि काही कुलपं उघडली की छत पडतं."

ते मी बघितलं. त्यानं एका कप्प्यात अंदाजानं आकडा टाकला तर कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकायला लागला. दुसऱ्यात टाकला तर चित्र उलटं झालं. तिसऱ्यात टाकला आणि कॅमेरा मेलाच. वायर उपटून परत लावल्यावर जिवंत झाला, पण तोवर जुबेरच्या तोंडचं पाणी पळालं होतं. साहेबांनी तेवढ्यात येऊन विचारलं, "झालं का?" ते दिवसातून इतक्या वेळा 'झालं का' विचारायचे की ऐकणाऱ्याला एखादं बाळंतपण चाललंय असं वाटावं.

शेवटी त्यानं सरळ विचार केला. कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये चेहरा उजळ करायची पट्टी होतीच, व्हिडिओ कॉलवाल्यांसाठी. ते अ‍ॅप कुठल्यातरी कप्प्यात हात घालत असणारच. मग ते अ‍ॅप लावून, पट्टी मागं-पुढं सरकवत, वायरीतून काय निरोप जातो ते त्यानं ऐकलं. पट्टी हलली की एकाच कप्प्यात आकडा बदलत होता. तेवढं कळल्यावर आमच्या प्रोग्रॅममधून त्याच कप्प्यात शून्य टाकलं.

पडद्यावरचा बेदाणा काळपट झाला. ट्रेमध्ये होता तसाच. खाली निकाल आला, तीन नंबर.

वाईट बेदाणा बघून कुणाच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. जुबेरनं घरी फोन लावला आणि नुसतं म्हणाला, "तबस्सुम, काला दिखा."

पण कॅमेरा बंद करून चालू केला की त्या कप्प्यात परत गोरेपणा भरलेला असायचा. म्हणून जुबेरनं अशी सोय केली की प्रोग्रॅम सुरू झाला की पहिलं काम तिथं शून्य टाकायचं. हे सगळं तो कोरे आप्पांना दाखवत होता, ते मशीन बघायला कुपवाडला आले तेव्हा. साहेबांनी डोळ्यांनी खुणा केल्या, पण जुबेरला खुणा कळत नसत. त्यानं गोरा बेदाणा दाखवला, मग काळा दाखवला, आणि हे काम किती अवघड होतं ते अभिमानानं सांगितलं.

कोरे आप्पा म्हणजे पांढरा शर्ट, पांढरी टोपी आणि हळू आवाज. त्यांनी भाव करतानासुद्धा कधी आवाज चढवला नाही. माणूस त्यांच्या तोंडाकडं वाकून ऐकतो आणि वाकला की फसतो.

"पुन्हा कर बघू," आप्पा म्हणाले.

जुबेरनं गोरा केला, काळा केला.

"म्हणजे पाहिजे तेव्हा चालू, पाहिजे तेव्हा बंद?"

"हो आप्पा. पण आपण कायम बंदच ठेवणार."

"का? ती चालू-बंदची सोय राहू दे की. एखादी कळ दे मला."

"कशाला आप्पा?"

"पाहुणे येत्यात रे. टीव्हीवर चित्र जरा देखणं दिसलं की बरं वाटतं."

"पण आप्पा, मशीन त्याच चित्रावरून नंबर देतंय. कळ चालू असताना ट्रे सोडायचा नाही हं."

"छे छे," आप्पा म्हणाले. "आणि ती कळ पडद्यावर दिसायला नको. उगं कुणीतरी हात लावंल."

ते गेल्यावर मी साहेबांना म्हणाले, "साहेब, आप्पांना कायम गोरा नको, कायम काळा नको. दोन्ही पाहिजे. का ते विचारा तरी."

"उपाध्ये बाई, गिऱ्हाइकाला 'कशाला' विचारायचं नसतं. 'कधी पाहिजे' विचारायचं असतं."

"आणि तू रे?" मी जुबेरला विचारलं.

तो लॅपटॉपकडं बघत होता. "चित्रासाठी म्हणतात ना ते. आणि ताई, महिना संपत आलाय."

त्यानं कळ दिली. एफ-नऊ. दाबली की कप्प्यात आकडा जायचा, परत दाबली की शून्य. पडद्यावर कुठं काही खूण नाही.

तासगावला आम्ही तिघं गेलो. शेडमध्ये मशीन मधोमध, भिंतीवर मोठा टीव्ही. ठरलं होतं की दिवसभर मशीन चालवायचं आणि संध्याकाळी आप्पा होय किंवा नाही सांगणार. मला साहेबांनी नेलं होतं होय झालं तर ऑर्डरचे कागद करायला, आणि जुबेरचा भागीदारीचा मसुदाही माझ्याच पर्समध्ये होता.

सकाळी बागायतदारांचा माल आला. आप्पा बराचसा माल शेडवरच थेट विकत घेत. पहिला आला सावळजचा माळी नावाचा एक बागायतदार. निळी क्रेट, प्रत्येकावर पांढऱ्या रंगात त्याचं नाव रंगवलेलं. माल तसा बरा होता, थोडा तांबूस. ट्रे गेला, टीव्हीवर होता तसा दिसला. दोन नंबर.

"दोन कसा आप्पा?" माळी म्हणाला. "गेल्या साली असलाच माल एक नंबरला गेला."

"गेल्या साली माणसाचे डोळे होते," आप्पा हळूच म्हणाले. "आता मशीन हाय. मशीन कुणाचं पाहुणं नसतंय बाबा."

माळी जुबेरकडं बघायला लागला. जुबेर म्हणाला, "रंग बरोबर आहे काका. मी स्वतः तपासलाय." आणि त्याचं म्हणणं खरंच होतं. माळीनं टोपी काढून डोकं खाजवलं, पावती घेतली आणि गेला. गेल्या वर्षीच्या नजरा मऊ होत्या, त्याला यंत्र काय करणार?

दुपारपर्यंत असंच. आलेल्या मालापैकी बराच दोन नंबरला बसला. मगदूम साहेब खुशीत. मशीन अडलं नाही, तापलं नाही. जुबेरनं जेवणाच्या सुट्टीत पुण्याला पाठवायची नकाराची मेल लिहून ठेवली, फक्त पाठवायची बाकी. मला वाचून दाखवली. फार नम्र होती.

जेवणानंतर इंदूरचा खरेदीदार आला. आप्पांनी त्याला टीव्हीसमोर खुर्ची दिली, बदाम दिले, आणि लॅपटॉपपाशी जाऊन सहज टेकल्यासारखं हात ठेवला. हमालांनी क्रेट आणली. निळी. वर पांढऱ्या रंगात नाव.

ट्रे गेला. टीव्हीवर मध सांडला. एक नंबर.

"वाह," इंदूरवाला म्हणाला. "क्या रंग है!"

दुसरा ट्रे, एक नंबर. तिसरा, एक नंबर.

मला कुपवाडपासून जे खुपत होतं ते तेव्हा पुरतं उलगडलं. माल आत येताना सावळा आणि बाहेर जाताना गोरा. एकच कळ, आणि भावातला मधला सगळा फरक आप्पांच्या खिशात. सकाळी मशीन खरं बोललं म्हणून दुपारच्या खोट्याला किंमत होती.

जुबेरनंही बघितलं. आधी टीव्हीकडं, मग ट्रेकडं, मग क्रेटवरच्या नावाकडं. तो मगदूम साहेबांजवळ गेला.

"साहेब, कळ चालू आहे."

"असू दे."

"साहेब, हाच माल सकाळी दोन नंबरला घेतलाय. त्या माणसाला मी स्वतः सांगितलं, रंग बरोबर आहे."

"जुबेर," साहेब दात आवळून म्हणाले, "संध्याकाळपर्यंत गप्प बस. उद्यापासून तू मालक आहेस, मग काय ते बोल."

जुबेरनं क्रेटवरचं नाव पुन्हा एकदा वाचलं. मग लॅपटॉपपाशी गेला. "आप्पा, जरा सरका," म्हणाला आणि दोन कळा दाबल्या. मला वाटलं, बंद करतोय. त्यानं बंद केलं नाही. स्वतःच्या तपासणीसाठी त्यानं एक पाटी बनवली होती. कॅमेऱ्यात काय काय आहे आणि कुठं किती लावलंय, त्याची. ती त्यानं उघडली आणि भिंतीवरच्या टीव्हीवर मोठी केली. उजेड इतका, फोकस इतका, आणि सगळ्यात खाली, त्यानं स्वतः मराठीत दिलेलं नाव: त्वचा उजळ करणे — चालू.

हमालांनी पुढचा ट्रे हातातच धरून माना वर केल्या.

इंदूरवाल्यानं देवनागरी सावकाश वाचली. "त्वचा? किसमिस की त्वचा?"

पाठीमागं एक हमाल फस्सकन हसला. "शेठ, बेदाण्याला पावडर लावलीया."

मगदूम साहेबांचा चेहरा बघायला कुठल्याही कॅमेऱ्याची गरज नव्हती. पण मी बघत होते कोरे आप्पांकडं. त्यांना जास्त वेळ लागला नाही. माझा एक घोट चहा गिळून होईपर्यंत ते हसले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "यही तो दिखाना था आपको, सेठ. बाजारात आता असले कॅमेरे आलेत. मी आमच्या पोराला म्हटलं, आधी खोटं दाखव, मग खरं दाखव. म्हणजे शेठना फरक कळंल. कर रे बंद."

जुबेरचं बोट एफ-नऊवर येऊन थांबलं.

"कर की," आप्पा मायेनं म्हणाले.

त्यानं बंद केलं. बेदाणा टीव्हीवर पुन्हा तांबूस झाला. आप्पांनी तोच माल स्वतःच्या तोंडानं दोन नंबरला दिला आणि वर म्हणाले, "कोरेच्या शेडात मशीन खोटं बोलणार नाही." इंदूरवाल्यानं उठून त्यांना मिठी मारली, आणि उरलेला सगळा माल न चाखता उचलला.

संध्याकाळी आप्पांनी मगदूम साहेबांना बाजूला घेतलं. आवाज नेहमीसारखाच हळू, म्हणून मी जवळ जाऊन कागद चाळत उभी राहिले.

"मशीन ठेवतो. अजून दोन लागतील. ती पाटी टीव्हीवर कायम राहू दे, आता गिऱ्हाईक तीच बघायला येणार."

"उपकार झाले आप्पा."

"पोरगं नको."

"आप्पा, त्यानंच तर..."

"त्यानंच. म्हणून नको. हुशार माणूस आपला असावा न्हाईतर लांब असावा."

मगदूम साहेब माझ्याकडं आले. म्हणाले, "बाई, ऑर्डरचे कागद काढा." मी ते काढले. जुबेरचा मसुदाही पुढं केला, तर त्यांनी तो न बघितल्यासारखं केलं. मी म्हणाले, "साहेब, आज तुमचं मशीन खपलं ते कुणामुळं?" ते म्हणाले, "म्हणूनच तर वाईट वाटतंय." खरंच वाटत असावं. परतीच्या वाटेवर त्यांनी जुबेरला मिसळ खायला घातली. त्यानं खाल्ली नाही, पाव मात्र बारीक करून ताटात ठेवला.

दोन दिवसांनी तो वर्कशॉपात आला आणि पुढच्या माणसासाठी सगळं लिहून ठेवायला बसला. कंपनीचा ओळखक्रमांक, कितवा कप्पा, शून्य कधी टाकायचं, कुठले कप्पे उघडले की कॅमेरा मरतो. मी म्हणाले, "अरे वेड्या, हे कशाला देतोस? हे तुझ्याजवळच राहिलं तर साहेब आठवड्यात तुझ्या दारात येतील."

"येतील की," तो म्हणाला. "आणि मग मी काय सांगू? ही माहिती खासगी आहे?"



त्याला आता काही वर्षं झाली. जमा-खर्च मांडायचा तर असा. कोरे आप्पांना प्रामाणिकपणाचं नाव मिळालं, जे त्यांनी कधी मागितलंही नव्हतं, आणि ते नाव त्यांना त्या कळेपेक्षा जास्त पिकलं. मगदूम साहेबांना पंचक्रोशीतलं गिऱ्हाईक मिळालं. माळीला दोन नंबर मिळाला, तो त्याचा होताच. इंदूरवाल्याला दोन नंबरचा माल दोन नंबरात मिळाला. मशीन आजही खरं बोलतं, आत येणाऱ्याशीही आणि बाहेर जाणाऱ्याशीही. म्हणजे एवढ्या सगळ्यांत तोटा कुणाचाच नाही. फक्त मिरजेतली एक मुलगी आता शनिवारी रात्री स्टेशनवर आणायला जाते आणि रविवारी संध्याकाळी पुन्हा जाते, बापाला सोडायला.